कुजबुजेंचा खोकला आणि दीर्घ शांतता

नाट्यमंडळात त्यांना कुजबुजे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण ते इतकं रुळलं होतं, की पाणीपट्टी विभागातल्या एका नव्या कारकुनाने त्यांच्या खऱ्या नावाने आलेलं टपाल 'अशी व्यक्ती या कार्यालयात नाही' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. दिवसा ते त्या विभागाचे हेडक्लार्क असत आणि संध्याकाळी कर्मचारी नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळे, दुसऱ्याचा अभिमान वाटे.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत स्टुलावर बसून, छोट्या दिव्याखाली संहिता धरून, अडलेल्या नटाला पुढचं वाक्य कुजबुजून पुरवणारा माणूस. त्याने प्रेक्षकांना दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही. नाटक संपल्यावर सगळे हातात हात घालून वाकतात तेव्हा त्याने दिवा बंद करून चपला शोधायच्या. कुजबुजेंना हे सगळं मान्य होतं. यातली दिसायचं नाही ही अट ते काटेकोर पाळत. ऐकू न येण्याची मात्र पंचाईत होती, कारण त्यांना खोकला होता.

हा खोकला सर्दीपडशाचा नव्हता. तो तळघरातून निघायचा, मजल्यामजल्यावर थांबत वर यायचा आणि दारापर्यंत येऊन काही न देता परत जायचा. छातीच्या डॉक्टरांनी स्कॅनचा फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं, की श्वासनलिकांच्या खालच्या फांद्या काही ठिकाणी सैल पडल्या आहेत, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारख्या. कफ तिथे साचून राहतो, आपण होऊन वर येत नाही.

"मग बरं कधी होणार?" कुजबुजेंनी विचारलं होतं.

"बरं होणार नाही. नीट राहील. औषधं त्यांचं काम करतील, पण कफ रोजच्या रोज काढावा लागेल. घर नाही का आपण रोज झाडत?"

घर कुजबुजे रोज झाडत नव्हते. बायको झाडायची.

त्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या घरात जपून ठेवली आणि खोकणं चालू ठेवलं. मात्र खोकण्यातही त्यांची एक शिस्त होती, ती सांगायला हवी. नटाच्या वाक्यावर त्यांनी कधीही खोकून दिलं नाही. वाक्य चालू असताना ते खोकला दातांखाली धरून ठेवत, डोळ्यांत पाणी येई, कानशिलं तापत. आणि नाटकात कुठे थांबा आला, की तो थांबाही पुरेसा होऊ देऊन, अगदी धरवेनासं झालं म्हणजे मग सोडत. वाक्यावर खोकणं हे पाप आणि शांततेत खोकणं हा फक्त गुन्हा, असा त्यांनी स्वतःपुरता कायदा केला होता.

या वर्षी तो कायदा मोडीत निघाला. मंडळाचे दिग्दर्शक म्हणजे आस्थापना विभागाचे साहेब. वयाने कुजबुजेंहून लहान, हुद्द्याने मोठे. म्हणजे दोन्ही बाजूंनी त्रासदायक. त्यांनी निवडलेल्या नाटकात वाक्यं कमी होती आणि शांतता फार. एक नवरा, एक बायको, एक खुर्ची. पहिल्याच पानावर नवरा खुर्चीकडे बघतो आणि कंसात लिहिलेलं असतं, 'दीर्घ शांतता'.

"या नाटकाचा खरा नायक शांतता आहे," साहेब पहिल्याच तालमीत म्हणाले. हे ऐकून वसुली विभागातला नायक, जो नवऱ्याचं काम करत होता आणि ज्याने त्यासाठी मिशी काढली होती, तो फार दुखावला. पण खरी कुऱ्हाड पुढे होती.

"कुजबुजे, तुमच्या खोकल्याला मी यात काम दिलेलं नाही. प्रयोगाच्या दिवशी तुमचा एक जरी ठसका ऐकू आला, तर पुढच्या वर्षीपासून स्टुलावर दुसरं कोणीतरी."

दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. साहेबांचा मेहुणा संहितेची झेरॉक्स घेऊन तालमीच्या खोलीत आधीच येऊन बसला होता. त्याला कामधंदा नव्हता असं नाही; फक्त तो तिथे जाऊन करत नव्हता. त्याचा घसा स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ आहे हे तो मधूनमधून खाकरून दाखवत असे.

घरी आल्यावर कुजबुजेंनी चष्म्याच्या घरातून चिठ्ठी काढली.

"आता आठवली का?" बायको म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा फुरसत नव्हती. साहेबाने स्टूल ओढलं तशी छाती आठवली."

"छातीचा प्रश्न नाही. मंडळाच्या शिस्तीचा प्रश्न आहे."

"हो तर. चला, चपला घाला."

चिठ्ठी फिजिओथेरपीच्या बाईंच्या नावाची होती. बाई म्हणजे जेमतेम त्यांच्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने रक्तदाब विचारला, पित्त वर येतं का विचारलं आणि मग त्यांना पालथं झोपायला सांगितलं.

"काका, कफ तळाशी आहे ना तुमचा? मग तळ वर करायचा. डोकं खाली, कंबर वर. गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, ते वापरून घ्यायचं. जेवल्यावर लगेच मात्र नाही, नाहीतर कफाच्या आधी जेवण येईल."

मग तिने हाताची पाण्याच्या ओंजळीसारखी वाटी केली आणि कुजबुजेंच्या पाठीवर पोकळ, तालात थापटलं. "काकू, अशी वाटी. चापट नाही. मणका सोडून, कंबर सोडून, फक्त बरगड्यांवर. करून बघा तुम्ही."

काकूंनी करून बघितलं. लांबून घोडा दौडत येत असल्यासारखा आवाज खोलीत घुमला. बाई चकित झाली.

"काकू, तुम्ही हे आधी कधी केलंय का?"

"प्रत्यक्ष नाही," काकू म्हणाल्या. "मनात."

थापटून झालं, की कुजबुजेंनी चार खोल श्वास घ्यायचे आणि आरसा पुसताना त्यावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून 'हाऽऽ' करायचं. आडदांडपणे खोकायचं नाही. त्याने नळ्याच मिटतात. 'हाऽऽ' करत करत कफ वर आणायचा आणि मग एकदाच खोकून झाकणाच्या बाटलीत द्यायचा. बाटलीतला रंग पाहायचा. पांढरा ठीक, पिवळट झाला तर लक्ष ठेवायचं, हिरवा किंवा लाल दिसला तर फोन. कुजबुजेंनी गंभीरपणे मान हलवली. आयुष्यात आपल्या हातून काही निर्माण होईल आणि कोणीतरी ते रोज निरखून पाहील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता घरी पलंगाचा पायथा वीतभर उचलायचा, एवढंच काम राहिलं. एवढंच.

कुजबुजेंचा पलंग पेटीचा होता. मध्यमवर्गीय घरात पेटीचा पलंग ही झोपायची वस्तू नसते, वरती झोपलेलं चालतं इतकंच. आत रजया होत्या, बॅगांच्या आत बॅगा होत्या, मुलीच्या शाळेतले नकाशे होते, आणि गेल्या टीव्हीचं खोकं होतं, कारण टीव्ही कधी परत द्यावा लागला तर असावं. टीव्ही भंगारात गेलेला होता. हे सगळं बाहेर काढल्यावर पलंग हलका झाला आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग विटा. गच्चीवर टाकीच्या कामातून उरलेल्या विटांचा ढीग पडून होता. कुजबुजे पिशवी घेऊन वर गेले आणि उतरताना जिन्यात त्यांना सेक्रेटरी भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना इमारतीतल्या प्रत्येक आवाजाचा पत्ता ठाऊक असे.

"विटा?" सेक्रेटरी पिशवीत डोकावून म्हणाले. "सोसायटीच्या आहेत त्या."

"परत करीन."

"वापरलेल्या विटा परत? कशाला हव्यात पण?"

इथे कुजबुजेंच्या स्वाभिमानाने घात केला. खरं सांगायचं तर 'मला डोकं खाली करून बायकोकडून थापटून घ्यायचं आहे' असं म्हणावं लागलं असतं. हेडक्लार्क माणसाने जिन्यात उभं राहून असलं वाक्य बोलायचं नसतं.

"घरात थोडं काम काढलंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काम निघालं. कुजबुजे पालथे पडले, बायकोने बाही सारली आणि घोडा दौडू लागला. पहिली अडचण अशी आली, की चादर गुळगुळीत होती. चार थापांत कुजबुजे वीतभर खाली सरकले, आठ थापांत त्यांचं डोकं भिंतीला टेकलं. बायको मग थापटणं थांबवून त्यांना पायांनी धरून वर ओढी, आणि पुन्हा सुरुवात.

"जरा घट्ट धरून राहा की!"

"कशाला धरू? पलंगाला कठडा आहे का?"

"बोलू नका. हाऽऽ करा. डावी बाजू झाली, आता उजवी घेऊ."

हे सगळं खाली सेक्रेटरी चहाचा कप हातात धरून ऐकत होते. ठकठक, मग थांबा, मग काहीतरी जड वस्तू ओढल्याचा आवाज, मग बाईंचा हुकूम: डावी झाली, आता उजवी. रोज सकाळी. परवा विटा. निष्कर्ष काढायला त्यांना फार वेळ लागला नाही. कुजबुजे परवानगी न घेता भिंत पाडत होते.

आठवडाभरात दारावर नोटीस आली. तोडफोडीचं काम दहाच्या आधी करता येणार नाही, त्यासाठी समितीची मंजुरी हवी, आणि राडारोड्याची विल्हेवाट ज्याची त्याने लावायची. सेक्रेटरी नोटिशीपाठोपाठ स्वतःही आले, जिने चढायचे म्हणून नोटीस पुढे पाठवली असावी.

"रोजचा राडारोडा तुम्ही टाकता कुठे?" त्यांनी दारातच विचारलं.

"संडासात," बायको आतून म्हणाली. तिला वाटलं डॉक्टरकडून कोणी कफाच्या चौकशीला आलंय.

सेक्रेटरींनी दाराची चौकट धरली. "वहिनी, पाइप! सगळ्या इमारतीचा पाइप एक आहे!"

त्याच संध्याकाळी समिती पाहणीला आली. समिती म्हणजे सेक्रेटरी, खजिनदार आणि वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर. तिघांनी प्रत्येक भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं. सगळ्या भिंती जागच्या जागी होत्या. मग इंजिनिअरांची नजर पलंगावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा पलंग कलला आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सेक्रेटरी, पाया खचलाय."

खजिनदार ताबडतोब दाराच्या दिशेने सरकले. इंजिनिअरांनी पाण्याचा पेला मागवला आणि तो पलंगावर ठेवला. पेला लगेच उशीकडे कलंडला आणि गादी भिजली. याने त्यांची खात्रीच पटली. इमारतीची कुठली बाजू आधी रिकामी करायची यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा बायकोचा धीर सुटला.

"अहो, झोपा बरं. एकदा दाखवूनच टाकू."

"यांच्यासमोर?"

"मग काय बिऱ्हाड हलवायचं?"

माणसाच्या आयुष्यात मानहानीचे प्रसंग येतात, पण ते बहुधा उभ्याने येतात. कुजबुजे ओल्या गादीवर पालथे झाले, कंबर आकाशाकडे, तोंड उशीत. तीन जबाबदार नागरिक भोवती उभे राहिले. बायकोने थापटायला सुरुवात केली.

"हाच!" सेक्रेटरी ओरडले. "हाच आवाज!"

यापुढे शांतपणे बघायचं की नाही? पण बघणाऱ्याला काम करणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. खजिनदार म्हणाले, वहिनी, जरा डावीकडे घ्या, तिथे पोकळ वाजतंय. इंजिनिअर म्हणाले, उताराचा कोन आणखी थोडा हवा, चार विटा ते स्वतः आणतील. सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या साडूंना असाच त्रास होता आणि तो शिट्टी वाजवायला शिकल्यावर गेला. सरकण्यावर उपाय खजिनदारांनी काढला: चादरीखाली रबरी मॅट, बाथरूममध्ये घालतात ती. हा एकच सल्ला पुढे खरोखर उपयोगी पडला, त्यामुळे खजिनदार आजही भेटतील त्याला तो सांगतात.

आणि मग ते झालं. 'हाऽऽ' करता करता कुजबुजेंच्या छातीत कुठेतरी खोल काहीतरी सुटलं, वर आलं, आणि कितीतरी वर्षं दारातून परत फिरणारा तो पाहुणा अखेर बाहेर पडला. बाटली बायकोने उजेडात धरली. समितीने वाकून पाहिलं. क्षणभर पुरस्कार वितरणासारखं वातावरण झालं.

"पांढरट आहे," बायको म्हणाली.

"छान," इंजिनिअर म्हणाले, का ते त्यांनाही कळलं नाही.

मंजुरी मिळाली. वेळ सकाळी सातच्या पुढे, काम फक्त हातांनी. जाताना खजिनदारांनी आपली पाठ धरली असल्याचं सांगून आशेने वहिनींकडे पाहिलं, पण वहिनी गादी उन्हाला टाकायच्या विचारात होत्या.

त्या दिवसापासून कुजबुजे जिन्याच्या मधल्या चौकात थांबेनासे झाले. पूर्वी तिथे ते भिंतीवरच्या सूचना वाचण्याच्या निमित्ताने दम खायचे. सगळ्या सूचना त्यांना पाठ होत्या. आता रात्री सलग झोप लागत होती. बायको मात्र मध्येच उठून बसे. इतकी वर्षं खोकला ऐकत झोपलेल्या माणसाला शांततेने जाग येते.

तालमीत मात्र खोकला सुटला नव्हता. सकाळची सफाई संध्याकाळपर्यंत पुरत नसे. ऑफिसची धूळ, फायली, जिने, सहा वाजेपर्यंत तळघर पुन्हा भरायला लागे. कुजबुजे शिस्तीप्रमाणे धरून ठेवत, नवरा खुर्चीकडे बघे, आणि दीर्घ शांततेच्या शेवटी विंगेतून एक ठसका येई. नवरा म्हणे, "तू आलीस?" साहेब कपाळावर हात मारत. मेहुणा सहानुभूतीने खाकरे.

"बाई म्हणाली ना, कार्यक्रमाच्या आधी एकदा जास्त करा," बायको म्हणाली. "मग प्रयोगाच्या दिवशी थिएटरातच करू. मी येते."

ती ठेवणीतले कपडे घालून आणि रबरी मॅट पिशवीत घेऊन आली. मेकअपच्या खोलीत कपड्यांच्या ट्रंकेवर उशा रचून कुजबुजे ओणवे झाले, आणि नायक आरशात भुवया रंगवत असताना त्याच्या मागे घोडा दौडला. दुसरी घंटा झाली तेव्हा कुजबुजेंची छाती धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी रिकामी होती. त्यांनी श्वास घेतला. तो थेट तळापर्यंत गेला, वाटेत कोणी अडवलं नाही. ते स्टुलावर जाऊन बसले, दिवा लावला आणि समोरच्या विंगेत पाहिलं. तिथे जुना मळका पडदा गुंडाळून ठेवला होता, आणि त्याला टेकून मेहुणा कान टवकारून उभा होता. साहेब स्वतः प्रेक्षकांत बसणार होते. ठसका ऐकून साक्ष द्यायला त्यांनी याला नेमलं होतं.

पडदा वर गेला. नवरा आला, खुर्चीकडे बघू लागला. दीर्घ शांतता.

काय ती शांतता! कुजबुजेंना ती ऐकू येत होती. त्यांचं बोट संहितेत पुढच्या वाक्यावर होतं: तू आलीस? नवरा खुर्चीकडे बघत होता. बघतच होता. कुजबुजेंच्या मनात आलं, आज पोरगा फार खोल गेलाय. मग नवऱ्याची नजर खुर्चीवरून सुटून हळूहळू विंगेकडे वळली. त्याच्या रंगवलेल्या भुवयांतून घाम उतरत होता. वाक्य विसरलेला नट कसा दिसतो हे कुजबुजेंना पाठ होतं. हा विसरलेला नव्हता. हा वाट बघत होता. त्याने खुर्चीच्या पाठीआडून एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि कळवळून मान हलवली.

कुजबुजेंच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. या माणसाने आजवर एकही थांबा मनात मोजलेला नव्हता. दीर्घ शांतता म्हणजे किती, तर कुजबुजेंना धरवत नाही तोवर. ठसका आला की वाक्य. साऱ्या तालमी त्याने याच हिशेबाने केल्या होत्या, आणि आज ठसका नव्हता.

प्रेक्षागृहात खुर्च्या कुरकुरू लागल्या. खोकलो तर स्टूल गेलं. नाही खोकलो तर नाटक गेलं. कुजबुजेंनी एकदा स्टुलाकडे पाहिलं. मग त्यांनी मनाशी निर्णय घेतला, पाठ ताठ केली आणि नाट्यमंडळासाठी आपलं पद पणाला लावून खोकले.

निदान तसा प्रयत्न केला. काही आलंच नाही. पुन्हा जोर लावला. तोंडातून फक्त स्वच्छ, कोरडी हवा बाहेर पडली. त्यांनी 'हाऽऽ' केलं. ते त्यांनाच ऐकू आलं. आत काहीही नव्हतं. बायकोने काम इतकं चोख केलं होतं की गरजेपुरतंही ठेवलं नव्हतं.

आता वाक्य पुरवावं म्हणून ते तोंड उघडणार, इतक्यात समोरच्या विंगेतून मोठा ठसका आला. ठसका ऐकायला श्वास रोखून उभ्या असलेल्या मेहुण्याने शेवटी श्वास घेतला होता, आणि तो थेट मळक्या पडद्यातून घेतला होता.

"तू आलीस?" नवरा आनंदाने ओरडला. इतक्या उत्कटतेने हे वाक्य त्याने कधीच म्हटलं नव्हतं. टाळ्या पडल्या.

पुढच्या थांब्याला नवरा सरळ समोरच्या विंगेकडे पाहू लागला. मेहुण्याची धूळ अजून शिल्लक होती. त्याने दोन थांबे निभावून नेले. तिसऱ्याला तो कोरडा पडला. तेव्हा कुजबुजेंना समोरच्या अंधारात ओळखीची आकृती दिसली. बायको मागच्या बाजूने फिरून तिकडे गेली होती. तिने हाताची वाटी केली आणि गुंडाळलेल्या पडद्यावर, बरोबर मेहुण्याच्या नाकाखाली, दोन थापा दिल्या. नाटक शेवटपर्यंत असं पार पडलं.

पडदा पडताच साहेब आत घुसले. "कुजबुजे! प्रत्येक शांततेत! एकही सोडली नाहीत!"

"मी नव्हतो, साहेब."

"मग कोण?"

मेहुणा लाल डोळ्यांनी पुढे आला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि त्याला पुन्हा उबळ आली. त्याची साक्ष तीच झाली.

"साहेब, ते काही असो," नायक मिशीच्या जागी हात फिरवत म्हणाला, "मला खोकला पाहिजे. त्याशिवाय मी उभा राहणार नाही." बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याची ही वेळ नव्हती.

साहेबांनी घसा साफ केला आणि बऱ्याच दिवसांनी कुजबुजेंना आदराने हाक मारली. "अहो, स्टूल तुमचंच आहे हो. फक्त एक विनंती. ते तुमचं जे काय आहे, त्यातलं थोडं… प्रयोगापुरतं… मागे ठेवता येईल का?"

कुजबुजे विचारात पडले. प्रस्ताव सन्मानाचा होता. इतकी वर्षं ज्याला हाकलत होते त्यालाच बोलावणं आलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती हातावरची धूळ झटकत होती.

"नाही," ती म्हणाली. "पूर्ण काढणार. रोज."

"ऐकलंत ना," कुजबुजे म्हणाले.

मग सगळ्यांच्या नजरा मेहुण्याकडे वळल्या. रंगभूमीवर काहीतरी करायची त्याची फार इच्छा होती. त्याने रुमालाने डोळे पुसले आणि संहितेची झेरॉक्स उघडून, पेन काढून, तो अदबीने कुजबुजेंच्या स्टुलापाशी येऊन उकिडवा बसला.

"काका, नेमका कुठे घ्यायचा असतो?"

"वाक्य पूर्ण होऊ द्यायचं," कुजबुजे म्हणाले. "मग थांबायचं. घाई करायची नाही. अगदी धरवेनासं झालं, की मग."

"आणि नाहीच आला तर?"

कुजबुजेंनी उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घेतला, उगीचच, लांबलचक, तळापर्यंत जाऊन परत येणारा.

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी आता त्या खात्यात नाही."